पुढे एक चकती की दोन?

या वेळच्या टपालात ग्रॅव्हल सायकलच्या, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या सायकलच्या, गिअरविषयी बरीच पत्रं आहेत. मुख्य प्रश्न एकच : पेडलांजवळची दातेरी चकती एक हवी की दोन? एका मोठ्या पत्राने सुरुवात करते. त्याच्या उत्तरात हिशेब जरा विस्ताराने मांडला आहे, कारण पुढच्या पत्रांनाही तोच लागणार आहे.

प्रश्न : ताई, माझी सध्याची सायकल हायब्रिड आहे. पुढे 48, 38 आणि 28 दात्यांच्या तीन चकत्या, मागे 11 ते 32 दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच. आता ग्रॅव्हल सायकल घ्यायची आहे आणि दोन सायकलींवर गाडी अडली आहे. एकीला पुढे 40 दात्यांची एकच चकती आणि मागे 11-42. दुसरीला पुढे 46 आणि 30 अशा दोन चकत्या, मागे 11-34. दोन्ही 11-स्पीड (मागे अकरा गिअर), टायर दोन्हींना 40 मिलिमीटरचे. माझं निम्मं चालवणं डांबरी रस्त्यावर चार-पाच जणांच्या गटाबरोबर होतं, निम्मं कच्च्या रस्त्यावर. अधूनमधून पिशव्या लावून दोन-तीन दिवस बाहेर पडते. लांब चढांवर आताही सगळ्यात हलक्या गिअरवरच असते. गटातले म्हणतात की जमाना वन-बायचा, म्हणजे पुढे एकाच चकतीचा आहे, पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) म्हणजे नसती कटकट. तुमचं मत काय?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सर्वांत कामाचं वाक्य शेवटाकडे आलं आहे : लांब चढांवर तुम्ही सगळ्यात हलक्या गिअरवर असता. गिअर निवडताना मी नेहमी खालून वर जाते. आधी सर्वांत हलका गिअर ठरवायचा, मग मधल्या गिअरांमधली अंतरं बघायची आणि सर्वांत जड गिअरचा विचार अगदी शेवटी करायचा. पुढे चकत्या किती, हे त्यातून आपोआप ठरतं. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी ‘एक की दोन’ ठरवतात आणि मग चढावर उतरून सायकल ढकलतात.

हिशेब सोपा आहे. पुढचे दाते भागिले मागचे दाते. उत्तर जितकं लहान, तितका गिअर हलका. तुमच्या हायब्रिडचा सर्वांत हलका गिअर 28 भागिले 32, म्हणजे 0.875. हा आकडा वहीत लिहून ठेवा. तुमच्या पायांनी, तुमच्या चढांवर तो पारखलेला आहे, त्यामुळे कुठल्याही जाहिरातीपेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवा.

आता पहिली सायकल घ्या : 40 भागिले 42, म्हणजे 0.952. तुमच्या आताच्या गिअरपेक्षा जवळजवळ 9 टक्के जड. दुसरी : 30 भागिले 34, म्हणजे 0.882. जवळपास आताच्याइतकीच. सपाटीवर 9 टक्के कळणारही नाहीत. पण चढाच्या शेवटच्या टप्प्यात, मागे पिशव्या लटकत असताना आणि खाली खडी सरकत असताना, तेवढ्यानेच पाय थांबतो. या टायरवर चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर धरला, तर मिनिटाला पेडलच्या 60 फेऱ्या, या केडन्सला (पाय फिरण्याच्या गतीला) पहिल्या सायकलीवर ताशी साडेसात किलोमीटरचा वेग राखावा लागेल, दुसरीवर सातचा. हा अर्धा किलोमीटर मला फार महत्त्वाचा वाटतो. कच्च्या चढावर उभं राहून पेडल मारता येत नाही, मागचं चाक घसरतं. बसूनच चढायचं असतं, आणि त्यासाठी गिअर खरोखर हलका लागतो.

दुसरी गोष्ट गिअरांमधल्या अंतरांची. याविषयी फार कमी बोललं जातं. 11-42 च्या एका नेहमीच्या कॅसेटचे दाते असे असतात : 11, 13, 15, 17, 19, 21, 24, 28, 32, 37, 42. आणि 11-34 चे : 11, 13, 15, 17, 19, 21, 23, 25, 27, 30, 34. दोन्हींत अकराच पायऱ्या. पण पहिल्या जिन्याला तेवढ्याच पायऱ्यांत जास्त उंची गाठायची आहे, म्हणून वरच्या पायऱ्या उंच झाल्या आहेत.

चढावर याचा अर्थ काय होतो ते बघा. पहिल्या सायकलीवर 40 आणि 28, दुसरीवर 30 आणि 21. दोन्हींचं गुणोत्तर तंतोतंत एकच, 1.43. ताशी 14 किलोमीटरने सौम्य चढ चढताना दोन्हींवर केडन्स 74 च्या आसपास राहील. आता चढ किंचित वाढला आणि तुम्ही एक गिअर हलका केला. वेग तोच राहिला, तर पहिल्या सायकलीवर पाय एकदम 85 वर जातील, दुसरीवर 81 वर. उलट, एक गिअर जड केला तर पहिलीवर 64, दुसरीवर 67. म्हणजे एकीवर 64, 74, 85 आणि दुसरीवर 67, 74, 81. एकट्याने, मनाच्या लयीत चालवणाऱ्याला हा फरक खुपत नाही. पण गटात वेग तुम्ही ठरवत नाही, पुढचा ठरवतो. तुम्हाला त्याच वेगात राहायचं असतं आणि हातात दोनच गिअर असतात, एक जरा जड आणि एक जरा हलका. तासभर हे चाललं की मांड्या बोलायला लागतात. लांब पल्ल्याला मी स्वतः दोन चकत्यांची सायकल काढते, त्याचं मुख्य कारण हेच आहे.

तुमच्या गटातल्या मंडळींचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पुढची चकती बदलण्याची किंमत मोजावी लागते. 46 वरून 30 वर उतरताना पाय एकदम मोकळे फिरतात, कारण गिअर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हलका होतो. समजा तुम्ही 46 आणि 25 वर आहात, म्हणजे 1.84. पुढे 30 केलं की 1.2. जवळचा गिअर हवा असेल तर मागे लगेच चार टिचक्या द्यायच्या, म्हणजे 30 आणि 17 वर, 1.76 ला पोहोचता. हे चढ सुरू होण्याआधी करायचं, चढात शिरल्यावर दाब असताना नाही. सवय झाली की हात आपोआप चालतात, पण सवय करावी लागते. आणि दोन गुणिले अकरा म्हणून बावीस गिअर मिळाले असंही समजू नका. 46 आणि 23 म्हणजे 2, 30 आणि 15 म्हणजेही 2. अशी पुनरावृत्ती वगळली की खरोखर वेगळे चौदा-पंधरा उरतात. तरीही ते अकरापेक्षा जास्तच आहेत, शिवाय हवे तिथे दाट आहेत.

जड टोकाकडे मी फार वेळ थांबत नाही. 90 केडन्सला पहिली सायकल ताशी 43 किलोमीटरपर्यंत साथ देते, दुसरी 50 च्या जवळपास. त्यापुढचा वेग उतारावरच येतो, आणि उतारावर, त्यातही खडीवर, पेडल मारण्यापेक्षा ब्रेकवर बोटं ठेवणं बरं.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला निःसंदिग्ध आहे : 46/30 ची सायकल घ्या. तुमचा चढाचा गिअर तसाच राहील, गटात चालवणं सुखाचं होईल, आणि पुढचा डिरेलर तुम्हाला नवा नाही. तीन चकत्या सांभाळणाऱ्याला दोन जड जात नाहीत. पहिल्या सायकलीवर मन फारच बसलं असेल, तर ताब्यात घेण्याआधीच 40 ऐवजी 36 ची चकती बसवून मागा. 36 भागिले 42 म्हणजे 0.857, हे तुमच्या हायब्रिडपेक्षाही हलकं. 90 केडन्सला जास्तीत जास्त वेग ताशी 39 पर्यंत येईल. कच्च्या रस्त्याला तो पुरेसा आहे. मात्र अंतरं तशीच मोठी राहतील, ती चकती बदलून कमी होत नाहीत.

प्रश्न : मी एकटाच जंगलातल्या वाटांवर चालवतो. चिखल, पानं, छोटे पण उभे चढ, मध्येच खडकाळ उतार. डांबर क्वचितच. ड्रॉपर सीटपोस्टही (चालवताना सीट खाली-वर करू देणारा दांडा) बसवायचा आहे. एक अनुभवी मित्र म्हणतो, दोन चकत्याच घे, गिअर जास्त मिळतात. ऐकू का?

उत्तर : नका ऐकू. तुमच्यासाठी एकच चकती.

तुमच्या वाटेवर वेग सतत तुटतो. उभा चढ वीस-तीस मीटरचा, लगेच वळण, लगेच उतार. तिथे 74 आणि 85 केडन्समधल्या फरकाची फिकीर करायला सवडच नसते, एका अंगठ्याने तीन गिअर एकदम खाली आले पाहिजेत. पुढच्या डिरेलरचा चेनभोवतीचा पिंजरा टायरच्या अगदी जवळ असतो, चिखल आणि पानं तिथेच साचतात आणि ऐन गरजेच्या वेळी तो हलत नाही. तो काढला की टायरभोवतीची जागा मोकळी होते आणि हँडलवरचा डावा लिव्हरही रिकामा होतो. ड्रॉपरची केबल तिथे घेता येते. हँडल न सोडता सीट खाली घेता येते, हा मोठा फायदा आहे.

चकती ‘नॅरो-वाइड’ घ्या. तिच्यात एक दाता अरुंद, एक रुंद असतो, कारण चेनमध्येही एक कडी आतली, एक बाहेरची असते आणि त्यांच्यातली फट वेगवेगळी असते. रुंद दाता बाहेरच्या कडीत घट्ट बसतो, म्हणून धक्क्यांनी चेन उडत नाही. याच कारणाने या चकत्यांचे दाते नेहमी सम असतात : 36, 38, 40, 42. मागचा डिरेलर क्लचचा हवा. क्लच म्हणजे घर्षणाने धरून ठेवणारी यंत्रणा. तिच्यामुळे डिरेलरचा चेन ओढून धरणारा पिंजरा लटपटत नाही आणि चेन ताणलेली राहते.

कॅसेट रुंद पल्ल्याची घ्या. 38 ची चकती आणि 10-44 कॅसेट घेतली तर हलकं टोक 0.86 आणि जड टोक 3.8. 10-51 घेतली तर हलकं टोक 0.75 वर येतं, अगदी भिंतीसारख्या चढालाही पुरेल. फक्त फ्रीहब, म्हणजे मागच्या चाकाचा कॅसेट बसते तो भाग, तपासा. दहा दात्यांचा गिअर जुन्या एचजी प्रकारच्या फ्रीहबवर बसत नाही, त्याला कॅसेटप्रमाणे एक्सडीआर किंवा मायक्रो स्प्लाइन प्रकारचा फ्रीहब लागतो. कॅम्पॅग्नोलो कंपनीच्या एकार या ग्रॅव्हल संचात तर सर्वांत छोटा गिअर नऊ दात्यांचा आहे आणि त्याचा फ्रीहब आणखी वेगळा. चाकं वेगळी विकत घेणार असाल तर आधी हे पाहा, नाहीतर चाक आणि कॅसेट समोरासमोर ठेवून बसावं लागतं.

प्रश्न : माझ्याकडे 46/30 आणि 11-34 आहे. मागे फक्त 11-42 कॅसेट बसवली तर दोन्हींचा फायदा मिळेल ना?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. अडचण मागच्या डिरेलरची आहे. दोन आकडे बघायचे असतात. पहिला, तो मागच्या किती दात्यांच्या गिअरपर्यंत चढू शकतो. दुसरा, तो किती सैल चेन गोळा करू शकतो, म्हणजे त्याची कपॅसिटी. पुढच्या दोन चकत्यांमधला फरक अधिक मागच्या सर्वांत मोठ्या आणि छोट्या गिअरमधला फरक, अशी बेरीज करायची. तुमच्या आताच्या जोडणीत 16 अधिक 23, म्हणजे 39. शिमानो कंपनीच्या 11-स्पीड जीआरएक्स या ग्रॅव्हल मालिकेत दोन चकत्यांसाठीच्या आरएक्स 810 डिरेलरची मर्यादा 40 ची आणि मोठा गिअर 34 चा, म्हणजे तुम्ही आधीच काठावर आहात. 42 केल्यावर बेरीज 16 अधिक 31, म्हणजे 47. त्याच मालिकेतला आरएक्स 812 हा 42 चढतो, पण त्याची कपॅसिटी 31, म्हणजे तो एकाच चकतीसाठी बनवलेला. जबरदस्तीने जोडलंत तर मोठी चकती आणि मोठा गिअर एकत्र आल्यावर चेन ताणून हँगर (डिरेलर अडकवायचा फ्रेमवरचा तुकडा) वाकेल, नाहीतर छोटी चकती आणि छोटा गिअर एकत्र आल्यावर ती लोंबेल. तुमच्याकडे 0.88 आहे. तोही पुरत नसेल, तर आधी सामानाचं वजन बघा.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात आहे. सेकंडहँड ग्रॅव्हल सायकल घेतली, पुढे 42 एकच, मागे 11-42. चढावर गुडघे दुखतात. आता दोन चकत्या बसवायला खूप खर्च येईल का?

उत्तर : येईल, आणि तुला त्याची गरजही नाही. दोन चकत्या करायच्या म्हणजे क्रँक (पेडलचे दांडे), पुढचा डिरेलर, डावा शिफ्टर, बहुधा मागचा डिरेलर आणि कॅसेटही. त्यात काही फ्रेमला पुढचा डिरेलर लावायची सोयच नसते. त्यापेक्षा फक्त चकती बदल.

आता तुझा सर्वांत हलका गिअर 42 भागिले 42, म्हणजे बरोबर 1. ग्रॅव्हलला हा जडच आहे. ज्याने ही सायकल आधी वापरली, त्याचे रस्ते सपाट असावेत. 38 बसवलीस तर 0.905 होतो, 36 बसवलीस तर 0.857. मी तुझ्या जागी 36 शोधेन आणि क्रँकला ती बसत नसेल तर 38 वर थांबेन. जुनी चकती काढून बोल्टांची संख्या आणि बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास मोजून घे, कारण तो जुळला नाही तर नवी बसणार नाही. कधी बोल्ट नसतात, चकती थेट क्रँकवर बसते. तसं असेल तर त्याच बनावटीची शोध. चार दाते कमी झाले की चेनची आतली-बाहेरची अशी एक जोडी काढता येते, सहा कमी झाले तर चेन पुन्हा मापून घे. चेन झिजलेली असेल तर याच वेळी नवीनच टाक, जुन्या चेनने नवी चकती लवकर खराब होते.

गुडघ्यांचं मात्र हलक्यावर घेऊ नकोस. हलका गिअर लागला की 75-80 केडन्सने चढायची सवय कर, 50 ने रेटू नकोस. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, म्हणून उंचीही तपास. एवढं करूनही दुखत राहिलं, तर डॉक्टरांना दाखव.

प्रश्न : आता दोन चकत्यांची सायकल घेतली तर काही वर्षांनी सुटे भाग मिळणं बंद होईल, ही भीती खरी आहे का?

उत्तर : मला तशी चिन्हं दिसत नाहीत. एका चकतीची सध्याची लाट 2012 मध्ये स्रॅम कंपनीच्या एक्सएक्स-1 या संचापासून आली. ती माउंटन बाइकसाठी होती, मागे 10-42. तिथे पुढचा डिरेलर खरोखरच जवळपास नाहीसा झाला. ग्रॅव्हलमध्ये तसं घडलं नाही. शिमानोने 2019 मध्ये खास ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स आणली, ती एक आणि दोन, दोन्ही प्रकारांत. 2023 मध्ये ती 12-स्पीड झाली, तेव्हाही दोन्ही ठेवले. कॅम्पॅग्नोलोने 2020 मध्ये 13-स्पीड एकार फक्त एका चकतीची केली, हा त्यांचा निर्णय. आणि रोड सायकलींवर दोन चकत्या आजही सर्रास आहेत, त्यामुळे चेन आणि कॅसेट मिळत राहतील. एकच सांभाळायचं : जीआरएक्सची चकती रोडच्या मानाने अडीच मिलिमीटर बाहेर असते, रुंद टायरला जागा मिळावी म्हणून. त्यामुळे पुढचा डिरेलर बदलायची वेळ आली तर तो जीआरएक्सचाच घ्या, रोडचा घेऊ नका.

प्रश्न : एकच चकती, नॅरो-वाइड, तरीही खडबडीत रस्त्यावर चेन पडते. चकती फार जुनी नाही.

उत्तर : आधी चेन कशी बसली आहे ते पाहा. रुंद दात्यावर बाहेरचीच कडी हवी. चाक काढून पुन्हा लावताना ती एका दात्याने सरकलेली असू शकते. मग चेनची लांबी पाहा : सर्वांत छोट्या गिअरवरही डिरेलरचा पिंजरा चेनला ताण देत असला पाहिजे. चेनची झीज गेजने मोजा, 11 आणि 12-स्पीडला 0.5 टक्क्याला मी ती बदलते. चकतीचे दाते हुकासारखे वाकडे दिसू लागले असतील तर जुनी नसली तरी ती संपली आहे, चिखलात चकती फार लवकर झिजते. हे सगळं ठीक असेल तर डिरेलरवरचा क्लचचा छोटा लिव्हर बघा. मागचं चाक काढताना तो बंद करतात आणि चाक लावल्यावर चालू करायचा राहून जातो. माझ्या टेबलावर येणाऱ्या अशा सायकलींत बहुतेक वेळा तोच बंद सापडतो. तो चालू करून पिंजरा हाताने पुढे ढकलून पाहा, स्पष्ट अडवणूक जाणवली पाहिजे. चालू करूनही पिंजरा सैलच फिरत असेल, तर क्लचचा घर्षण-बोल्ट घट्ट करून घ्यावा लागेल. काही डिरेलरमध्ये ही सोय नसते, तिथे डिरेलरच बदलावा लागतो.